वाळवंटातील पेठा

(मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



आपल्या चिटणीसबाईंनी महिन्यापूर्वी मला निरोप धाडला की, “तुम्ही लेकीकडे अमेरिकेत राहून आलात, तर तिकडच्या बायकांविषयी काही सांगा.” तिकडच्या बायका म्हणजे फारच मोठा विषय झाला. पाच महिन्यांत मला भेटून भेटणार किती? पण तेवढ्या मुदतीत एक गोष्ट मी पोटभर पाहिली, ती म्हणजे तिकडच्या बाजारपेठा. तेव्हा त्यांविषयीच बोलते. कुणी म्हणेल, बाजारहाट हा काय भाषणाचा विषय झाला? माझे म्हणणे असे की, आपल्यापैकी बहुतेकींचे निम्मे आयुष्य बाजारहाटात जाते, आणि बाजारावर भाषणे करायला मात्र पुरुषमंडळीच उभी राहतात.

माझी मुलगी असते ते अ‍ॅरिझोना राज्य वाळवंटी आहे. राजधानी फीनिक्स. तिथे वर्षाकाठी पाऊस पडतो सात-आठ इंच. आपल्याकडे आषाढातली एखादी चांगली झड तेवढी भर टाकून जाते. उन्हाचे म्हणाल, तर निघताना मी मनात म्हटले, नागपूरच्या बाईला उन्हाचे काय भय दाखवता! छेचाळीस-सत्तेचाळीस अंशांचा मे महिना आपण जन्मभर काढला आहे. फरक कळला तो तिथे गेल्यावर. आपला मे सरला की मृग येतो. तिथे मेमध्ये तापलेली भूमी सप्टेंबर उलटून गेला तरी निवत नाही. मी गेले ते २०२३ साल. ३० जूनला पारा ४३ अंशांच्या वर गेला तो ओळीने ३१ दिवस रोज दुपारी तिथवर चढत राहिला. फीनिक्स ज्या मॅरिकोपा जिल्ह्यात आहे, त्या एका जिल्ह्यात त्या वर्षी उष्म्यापायी ६४५ माणसे दगावली. ही नोंद सरकारी आहे, आणि देश जगातला सर्वांत श्रीमंत म्हणवणारा आहे. दगावलेल्यांत निवारा नसलेले पुष्कळ होते. शिवाय घरात बसलेली, पण यंत्र बिघडलेली किंवा बिलाच्या धास्तीने बंद ठेवलेली म्हातारी माणसेही होती.

यंत्रे नव्हती तेव्हा हे लोक काय करीत, हे मी मुद्दाम विचारून घेतले. उन्हाळ्यात घराच्या पडवीत खाटा टाकून, ओल्या चादरी पांघरून नाहीतर भोवती टांगून निजत. पुढे १९३० च्या सुमारास पंख्यापुढे ओला भुसा धरून हवा आत घेण्याची युक्ती तिकडे घरोघर झाली. म्हणजे आपला कूलरच हो! वाळ्याच्या ताट्यांवर पाणी मारणाऱ्या आपल्या आज्यांना त्यात नवे काहीच वाटले नसते. मौज अशी की, आपल्याप्रमाणेच त्यांचाही कूलर जुलै-ऑगस्टात हवा दमट झाली की रुसतो. पुढे वातानुकूलन आले, आणि मग शहर वाढले ते असे वाढले की कापसाची शेते, संत्र्या-लिंबांच्या बागा आणि गाईंचे गोठे गिळीत सुटले.

या गिळलेल्या जमिनींवरच तिथल्या पेठा उभ्या आहेत. १९५७ साली फीनिक्समध्ये ‘पार्क सेंट्रल’ नावाची पहिली मोठी पेठ झाली, ती एका दुग्धालयाच्या जागेवर. ती होती उघडी. दुकाने आत गार, पण एका दुकानातून दुसऱ्यात जायचे तर उन्हातून. चारच वर्षांनी, १९६१ साली, ‘क्रिसटाऊन’ झाली. क्रिस हॅरी नावाच्या शेतकऱ्याचे ते शेत, त्याचेच नाव पेठेला. ही मात्र सगळी एका छपराखाली, आणि छपराखालचे रस्तेसुद्धा गार केलेले. फीनिक्समधला हा पहिला बंदिस्त मॉल.

बंदिस्त मॉलची मूळ कल्पना मात्र उन्हासाठी निघालीच नव्हती. व्हिक्टर ग्रूएन नावाचा व्हिएन्नाचा एक ज्यू वास्तुशिल्पी हिटलरच्या भयाने १९३८ साली अमेरिकेत पळून आला. त्याने १९५६ साली मिनेसोटात, जिथे हिवाळ्यात हाडे गोठतात तिथे, ‘साऊथडेल’ नावाची पहिली बंदिस्त पेठ बांधली. त्याच्या मनात व्हिएन्नाचे चौक होते. दुकानांच्या भोवती घरे असावीत, शाळा, दवाखाने, बागा असाव्यात, माणसांनी पायी यावे, बसावे, बोलावे. बांधणाऱ्यांनी त्यातली दुकाने तेवढी उचलली, आणि बागेच्या जागी मोटारी उभ्या करायची पटांगणे केली. बिचारा म्हातारपणी मायदेशी परत गेला, आणि या पोरांचे पितृत्व आपल्याला कबूल नाही असे भर सभेत सांगून मोकळा झाला.

पण मला असे दिसले की, त्याने जे योजले होते त्यातले थोडे वाळवंटात आपसूक घडून आले होते. मुलीच्या घरापासून जवळचा मॉल म्हणजे ‘चँडलर फॅशन सेंटर’, २००१ साली उघडलेला. जवळचा म्हणजे मोटारीने जवळचा, बरे का! मुलगी सकाळी कामावर जाताना मला तिथे सोडी. दुकाने उघडायला अजून अवकाश असे, पण मॉलची दारे उघडलेली असत. आणि आत पाहावे तर ही वर्दळ! सगळी पिकल्या केसांची माणसे. कुणी काठी टेकीत, कुणी नळकांड्यात प्राणवायू घेऊन, कुणी जोडीने, बहुतेक बायका दोघी-तिघींनी मिळून, भराभरा चालताहेत. दुकानाकडे कुणी ढुंकून पाहात नाही, कारण ती बंदच. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत जायचे आणि वरच्या मजल्यावरून परत यायचे. याला तिकडे ‘मॉल वॉकिंग’ म्हणतात, आणि डॉक्टरसुद्धा हा व्यायाम सांगतात. बाहेर ४३ अंश, आत पाय घसरायची भीती नाही, मोटारीखाली येण्याची भीती नाही, वाटेत बाके आहेत आणि स्वच्छतागृहे आहेत. म्हातारपणी आणखी काय लागते?

त्या फेऱ्यांत आपल्याकडच्या बायका मला भेटल्या. लेकीच्या नाहीतर सुनेच्या बाळंतपणासाठी सहा महिन्यांच्या बोलीवर आलेल्या. एक अकोल्याच्या, एक सांगलीकडच्या, एक हैदराबादच्या तेलुगू बाई. त्यांच्या-माझ्यात भाषा अशी एकही धड नव्हती, तरी आमचे उत्तम जमले. या बायकांची अडचण तुमच्या ध्यानात येईल. मोटार चालवता येत नाही. बस तासा-अर्ध्या तासाने, आणि थांब्यावर बसायचे तर पत्रा तापलेला. डांबर ७० अंशांच्या वर तापते. त्यावर घसरून पडलेल्यांच्या कातडीला फोड येऊन त्यांना भाजल्याच्या इस्पितळात न्यावे लागते. म्हणजे घर सोन्याचे, पण उंबऱ्याबाहेर पाऊल टाकायची सोय नाही. अकोल्याच्या बाई मला म्हणाल्या, “अहो, मी इथे आल्यापासून माणसाची चाहूल ऐकली ती फक्त या मॉलात.” त्यांच्याकडे पाहून मला वाटले, आपण मॉलला उधळपट्टीचे घर म्हणून नाके मुरडतो, पण या बायकांना तो गावचा पार झाला आहे.

मात्र हा पार गावाचा नाही. तो खाजगी कंपनीचा आहे, आणि सगळी मेख तिथेच आहे. काही मॉलांत संध्याकाळी ठराविक वेळेनंतर अठरा वर्षांखालच्या मुलांना वडीलधारे माणूस बरोबर असल्याखेरीज आत घेत नाहीत. ज्याच्यापाशी पिशवी नाही, अंगावर नीट कपडे नाहीत, अशा माणसाला फार वेळ बाकावर बसू देत नाहीत. आणि कंपनीला परवडेनासे झाले की कुलूप.

फीनिक्सच्या ‘मेट्रोसेंटर’ची हकीकत तशीच आहे. १९७३ साली उघडला तेव्हा देशातल्या सर्वांत मोठ्या मॉलांत त्याची गणना. एकाला एक जोडलेली पाच मोठी दुकाने, आणि आत बर्फावर घसरत खेळण्याचे पटांगण! वाळवंटातल्या पोरांनी बर्फ पाहिला तो या मॉलात. एक पिढी तिथे लहानाची मोठी झाली. पुढे वस्ती शहराच्या कडेकडेला पांगली, नवे मॉल झाले, लोक घरबसल्या वस्तू मागवू लागले. ३० जून २०२० रोजी, करोनाच्या दिवसांत, मेट्रोसेंटरला कायमचे टाळे लागले. आता गंमत ऐका. तिथे मोटारीवाचून पोहोचता यावे म्हणून शहराची विजेची रेल्वे वाढवीत आणली, तिचे शेवटचे स्थानक त्याच जागी केले, आणि ती सुरू झाली जानेवारी २०२४ मध्ये. ज्या म्हातारीला मोटार नाही, तिला आता तिथपर्यंत गारेगार डब्यात बसून जाता येते. आणि उतरावे तर मॉल नाही. तिथे पुढे घरांची वसाहत व्हायची आहे म्हणतात. होईल तेव्हा होईल.

सगळेच मॉल असे बुडाले असे मात्र नाही. ते जुने क्रिसटाऊन अजून चालू आहे. तिथून रेल्वे जाते, आणि थोरामोठ्यांच्या दुकानांऐवजी आता रोजच्या गरजेची स्वस्त दुकाने आहेत. पार्क सेंट्रलची तर आता कचेऱ्या नि वैद्यकीय शिक्षणाची जागा झाली आहे.

आता ज्या पेठांविषयी ऐकायला तुम्ही खऱ्या उत्सुक आहात, त्या आउटलेटांकडे वळते. अमेरिकेहून येणाऱ्या प्रत्येकीच्या बॅगेत आउटलेटमधली पर्स असतेच, आणि ती देताना “अगं, निम्म्या किमतीत मिळाली” हे वाक्यही असते.

आउटलेट म्हणजे मुळात कारखान्याचे दुकान. आपल्याकडे कापडगिरण्या चालू होत्या तेव्हा गिरणीच्या दुकानात कटपीस आणि सेकंड मिळत, काठाला एखादा धागा तुटलेला, पण कापड अस्सल. तसेच हे. १९७० च्या सुमारास पेन्सिल्व्हेनियातल्या रेडिंग गावी ‘व्हॅनिटी फेअर’ कंपनीने आपल्या मोजे विणण्याच्या जुन्या गिरणीत असा शिलकी माल विकायला काढला, आणि त्यातून हा सगळा पसारा वाढला. ही दुकाने गावाबाहेर लांब का, हे कोडे मला होते. कारण असे की, शहरात पूर्ण किमतीत तोच माल विकणारी मोठी दुकाने असतात. त्यांच्या डोळ्यांत सलू नये म्हणून कारखानदाराने आपले स्वस्त दुकान तास-दीड तासाच्या वाटेवर थाटायचे. अ‍ॅरिझोनात फीनिक्स आणि टूसॉन या दोन शहरांच्या मधोमध, कासा ग्रांडे गावापाशी, महामार्गालगत अशी पेठ होती. एके काळी तिथे मोटारींना जागा मिळेना. पुढे शहरांच्या अंगाशीच नव्या आउटलेट पेठा झाल्या, आणि ही ओस पडली.

टेंपी गावातले ‘अ‍ॅरिझोना मिल्स’, १९९७ सालचे, हे बंदिस्त आउटलेट. वाट लांबट गोल. चालत राहिले की निघाल्या जागी परत. आत समुद्रातल्या माशांचे संग्रहालय आहे. जिथे टिपूसभर पाणी नाही तिथे कपड्यांच्या दुकानांशेजारी शार्क पोहताहेत! नातवाला तिथून ओढून काढता काढता माझी पुरेवाट होई.

पण बहुतेक आउटलेट पेठा उघड्या असतात. बंदिस्त मॉल गार ठेवायचा खर्च नको, म्हणून दुकानांच्या रांगा, मधे वाट, वर कुठे कापडी छत, आणि छताच्या कडेने बारीक नळीतून धुक्यासारखे पाणी उडवतात. हवा कोरडी, त्यामुळे ते अंगाला लागायच्या आतच विरून जाते नि वारा तेवढा गार होतो. या पेठांत मॉल-वॉकिंगवाल्या म्हाताऱ्या नाहीत. नुसते बसायला आलेले कुणीच नाही. येणारा घेण्यासाठीच येतो, आणि मोटारीनेच येतो. हिवाळ्यात थंडीला कंटाळून उत्तरेकडून उतरलेली पेन्शनर मंडळी येतात, शेजारच्या मेक्सिकोतून कुटुंबेच्या कुटुंबे येतात, आणि आपले लोक तर येतातच, यादी घेऊन.

आता ‘निम्म्या किमती’चे पाहू. वस्तूवर दोन आकडे असतात. एक मोठा, मूळ किंमत म्हणून, दुसरा लहान. पण आज आउटलेटमधला पुष्कळसा माल शिलकी नसतोच. तो खास आउटलेटसाठीच निराळा तयार करवून घेतात. मोठ्या दुकानात तो कधी गेलाच नाही, मग त्याची मूळ किंमत कोणती? जानेवारी २०१४ मध्ये अमेरिकेतल्या तीन सिनेटरांनी व एका प्रतिनिधीबाईंनी सरकारच्या व्यापार आयोगाला पत्र लिहून हाच प्रश्न विचारला होता, की गिऱ्हाइकाची यात फसगत होत नाही ना, ते पाहा. मी सांगते ते फसवणूक म्हणून नव्हे. वस्तू वाईट असते असेही नाही. पण ती तीच वस्तू नसते. शिवण उलटून पाहावी. आत सोडलेले कापड दोन सुतांचे आहे की बोटभर? अस्तर आहे का? जादा गुंडी लावलेली आहे का? पर्सची कातडी कडेला रंगवून बुजवली आहे की दुमडून शिवली आहे? हे आपल्याला कुणी शिकवायला नको. परकर-पोलकी शिवण्यात आपले हात तयार झालेले आहेत. आणि हो, पाटीवरच्या किमतीत तिकडे कर धरलेला नसतो. फीनिक्सच्या आसपास शंभर डॉलरच्या वस्तूला गल्ल्यापाशी बहुधा एकशे आठ-नऊ मोजावे लागतात.

चँडलरजवळ ‘फीनिक्स प्रीमियम आउटलेट्स’ म्हणून २०१३ साली उघडलेली मोठी पेठ आहे. तिथे एका सदऱ्याच्या गळपट्टीवर मी ‘पिमा कापूस’ असे वाचले. आपण वऱ्हाड-नागपूरच्या बायका, कापसाचे नाव दिसले की थांबणारच. तलम, लांब धाग्याचा, महागाचा हा कापूस. त्याचे नाव कुठून आले याचा शोध घेतला, तर उत्तर पायाखालीच निघाले. ती पेठ ज्या जमिनीवर उभी आहे ती हीला नदीकाठच्या आदिवासी समाजाच्या हद्दीत आहे, आणि त्या लोकांनाच बाहेरचे लोक ‘पिमा’ म्हणत. ते स्वतःला नदीकाठचे लोक म्हणतात. विसाव्या शतकाच्या आरंभी सरकारी शेतीखात्याने त्यांच्या साकाटोन गावी मिसरी कापसापासून नवा वाण काढला. प्रयोगाच्या शेतात हेच लोक राबले, म्हणून त्याला त्यांचे नाव.

पण त्याआधीची कथा निराळी आहे. हे लोक पिढ्यान् पिढ्या पाट काढून वाळवंटात शेती करीत. सोन्याच्या शोधात निघालेल्या गोऱ्या वाटसरूंना आणि सैन्याला त्यांनी गहू पुरवला. पुढे वरच्या अंगाला गोऱ्यांनी वस्ती केली आणि १८७० नंतर नदीचे पाणी तिकडेच वळवून घेतले. खाली पात्र कोरडे पडले, आणि ज्यांनी दुसऱ्यांना धान्य पुरवले त्यांच्यावर उपासमारीची वेळ आली. पाण्यावरचा त्यांचा हक्क कायद्याने पुरा मान्य झाला तो २००४ साली. मधे सव्वाशेवर वर्षे गेली. आज त्या समाजाच्या हद्दीत आउटलेट आहे, जुगारघरे आहेत, आणि पाणी परत मिळाल्यापासून पुन्हा शेतीही आहे. मी तो सदरा घेतला नाही. जावयांच्या मापाचा नव्हता. पण लेबल वाचले ते बरे झाले.

त्या दुकानातली विक्रेती मुलगी दिवसभर उभी असे. २०२५ साली अ‍ॅरिझोनात किमान मजुरी तासाला १४ डॉलर ७० सेंट होती. देशाच्या कायद्यातल्या सव्वासात डॉलरांच्या दुप्पट, आणि ती तिथल्या मतदारांनी २०१६ साली मत देऊन वाढवून घेतली आहे. तरी गार दुकानातून सुटल्यावर घरी जायला तिला बसच्या थांब्यावरच उभे राहायचे असते. उन्हाचा प्रश्न शेवटी असा माणसाच्या ऐपतीशी येऊन ठेपतो.

फीनिक्सवाल्यांनी त्यावर एक साधी सोय केली आहे. उन्हाळ्यात ग्रंथालये, चर्चची दालने, वृद्धांची केंद्रे दुपारी कुणालाही उघडी ठेवतात. आत गारवा, बसायला खुर्ची, प्यायला पाणी. काही विकत घ्यावे लागत नाही, आणि का बसलात असे कुणी विचारीत नाही. अशा जागांचे नकाशे छापून वाटतात. मॉल मिटले तरी ही दारे मिटत नाहीत, कारण ती नफ्यावर चालत नाहीत.

हे सांगण्यात माझा एक हेतू आहे, आणि अध्यक्षबाईंच्या परवानगीने तो इथेच सांगून टाकते. आपल्या या सभागृहाला मे महिन्यात दुपारी कुलूप असते. त्याच वेळी दोन घरची धुणीभांडी आटोपून तिसऱ्या घरची वेळ होईतो बसणाऱ्या बाया समोरच्या इमारतीच्या जिन्याखाली बसलेल्या असतात. भाजीवालीची पाटी झाडाखाली आणि ती स्वतः पाटीच्या सावलीला. मे महिनाभर दुपारी एक ते पाच हे दार उघडे ठेवावे, अशी माझी सूचना आहे. दोन कूलर आहेत, सतरंज्या आहेत, माठ मी देईन. विजेचा खर्च किती येईल ते मागच्या वर्षीच्या बिलावरून काढून कागदावर मांडून आणले आहे. तो कागद कोषाध्यक्षबाईंकडे देते. कूलरमध्ये पाणी भरायला आणि किल्ली सांभाळायला रोज एक सभासद लागेल. सोमवार आणि गुरुवार मी घेते. बाकीचे पाच वार कुणाकुणाला जमतील, त्यांनी चहाच्या वेळी चिटणीसबाईंकडे नावे द्यावीत.